कडेकडेने

वाद्य शिकणाऱ्याला वाद्य चावतं, हे आपल्याकडे कुणाला नव्यानं सांगायला नको. सतारवाल्यांच्या डाव्या तर्जनीवर आणि मधल्या बोटावर तारेचे काळे चर पडलेले असतात. सरोदवाले नखाच्या कडेनं तार दाबतात, म्हणून नखं जिवापाड जपतात. सारंगीवाल्यांचं तर विचारूच नका. त्यांची तार नखाच्या मुळाशी, जिथं कातडी सुरू होते तिथं घासते, आणि तिथं घट्टे पडेपर्यंत सारंगी गायला तयार होत नाही. या सगळ्याला आपण तपश्चर्या म्हणतो आणि घट्टे पाहुण्यांना कौतुकानं दाखवतो.

इलेक्ट्रिक गिटारनं बोटांच्या टोकांना दिलेला त्रास मीही याच खात्यात जमा केला होता. पोलादी तारा आणि पन्नाशीला टेकलेली नवखी बोटं, दुखणारच. पण पुढं टोकं निबर झाली, दुखायची थांबली, तरी तर्जनीच्या मुळाशी एक लाल रेघ राहायचीच. तिथं तारेचा काही संबंध येत नाही. तिथं लागते ती गळ्याची कड. बोटं जिच्यावर फिरतात त्या लाकडी पट्टीचा, म्हणजे फ्रेटबोर्डचा, वरचा भाग आणि बाजू जिथं मिळतात तिथली काटकोनी, कोरी धार. तपश्चर्येशी हिचं काही नातं नाही. कुणीतरी शेवटचं काम केलं नाही, एवढाच तिचा अर्थ.

हे निदान माझं नव्हे, सुतारकाकांचं. शेजारच्या फ्लॅटमध्ये कपाटाची दारं बसवायला ते आले होते आणि ड्रिलसाठी आमच्याकडं वीज आणि एक लांब वायर मागायला डोकावले होते. कोचावर गिटार पडलेली. वायर लावायच्या आधी त्यांनी ती पाहिली, हात पॅन्टला पुसला आणि गळ्याच्या कडेवरून अंगठा वरपासून खालपर्यंत फिरवला. एकदाच.

"शिसव दिसतंय. नवीन आहे का?"

"हो, नवीनच."

"मग धार का नाही मोडली?"

"कंपनीतून अशीच येते, काका."

यावर ते थोडे विचारात पडले. मग म्हणाले, "आमच्यात साधी फळी जरी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची असली ना साहेब, तरी तिच्या कडेवरून एकदा पॉलिश पेपर मारतात. नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं, सुतार जेवायला गेला तो परत आलाच नाही."

वायर लावून ते गेले. मी त्या न परतलेल्या सुताराचा विचार करत बसलो.

इलेक्ट्रिक गिटारच्या इतिहासात हा सुतार एकदा परत आला होता, हे सांगितलं पाहिजे. लिओ फेंडर हा मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावात त्याचं दुकान होतं. ज्याच्या नावाच्या गिटारी आज जगभर वाजतात, त्या या गृहस्थाला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण त्याच्याकडं दुरुस्तीवाल्याची नजर होती. वस्तू आज ना उद्या बिघडणार, तेव्हा ती उघडता आली पाहिजे, हे त्याचं साधं तत्त्व. म्हणून त्यानं गळा गोंदानं कायमचा न चिकटवता चार स्क्रूंनी बसवला. १९५१ साली टेलिकास्टर हे नाव मिळालेली त्याची गिटार म्हणजे कडा फारशा न मारलेली एक सरळ फळी होती. वादकांनी कुरकुर केली की ही फळी मागून बरगडीत रुततेय आणि पुढून हाताला टोचतेय. फेंडरनं ऐकून घेतलं. १९५४ साली त्याची स्ट्रॅटोकास्टर आली, तिला पाठीमागं पोटाच्या बाजूनं खोलवा दिलेला होता आणि पुढं हात टेकतो तिथला कोपरा उतरता केलेला होता. ज्याला वाजवता येत नव्हतं त्यानं वाजवणाऱ्यांचं ऐकलं, हे मला त्याच्या सगळ्या शोधांपेक्षा मोठं वाटतं. आपल्याकडं ज्यांना येतं तेही ऐकत नाहीत.

तर बरगड्यांची सोय झाली. तर्जनीच्या मुळाची मात्र आमच्यासारख्यांच्या गिटारींत राहून गेली. त्याचं कारण सरळ पैशाचं आहे. यंत्र लाकूड कापतं, फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, बसवायच्या खाचा पाडतं, गोल ठिपके कोरतं, सगळं करतं. पण दोन फ्रेटच्या मधली जी बोटभर लांबीची कड, ती हातानं मऊ करावी लागते. बावीस फ्रेट म्हणजे दोन्ही बाजू धरून अशा चाळिसाच्या वर कडा. हे काम महागड्या गिटारींवर होतं आणि मग जाहिरातीत ते वैशिष्ट्य म्हणून छापूनही येतं. स्वस्त गिटारवर ते ग्राहकाच्या कातडीवर सोपवलेलं असतं. कातडी ते करते, पण तिला वीस-तीस वर्षं लागतात.

खरं सांगायचं तर जुन्या गिटारींच्या मोहाचं निम्मं रहस्य यातच आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची, रोज वाजलेली गिटार हातात घेतली की लोक डोळे मिटतात आणि "काय लाकूड होतं त्या काळी!" म्हणतात. लाकूड असेलही चांगलं. पण मधल्या काळात अनेक तळहातांनी, घामानं आणि लाखो वेळा वरखाली गेलेल्या अंगठ्यांनी तिच्या गळ्याच्या कडा खाल्लेल्या असतात. हाताला कुठं काही अडत नाही. ही गोष्ट कंपन्यांच्याही ध्यानात आली. फेंडरच्या खास कारागिरीच्या विभागानं १९९५ पासून नव्या गिटारी मुद्दाम जुन्या दिसतील अशा घासून, ओरखडून, रंग उडवून विकायला सुरुवात केली आणि त्यांची किंमत कोऱ्या गिटारपेक्षा जास्त ठेवली. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. आमच्या आजोळच्या वाड्यात शिसवी झोपाळा होता. त्याच्या पुढच्या कडेवर तीन पिढ्यांच्या मांड्या घासून ती इतकी मऊ झाली होती की बसल्याबसल्या माणूस पुढं घसरायचा. वाडा विकताना त्या झोपाळ्यावरून भावाभावांत जे झालं, ते पाहता झिजलेल्या कडेला किंमत असते याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आणि ते शिसव तेच. म्हणजे जातीनं तेच. आपल्या पश्चिम घाटात वाढणारा शिसव, वनस्पतिशास्त्रात डाल्बर्जिया लॅटिफोलिया, हाच गिटारच्या दुनियेत भारतीय रोजवुड म्हणून मान पावलेला आहे. आधी मान ब्राझीलच्या रोजवुडचा होता. तिकडून मिळणं अवघड झाल्यावर मार्टिनसारख्या नामांकित कंपनीनं १९६९ च्या सुमारास भारतीय शिसव धरला, आणि इतरही वळले. नंतर वृक्षतोडीची काळजी एवढी वाढली की २०१७ च्या जानेवारीपासून डाल्बर्जिया वंशातल्या लाकडाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराची बंधनं आली. शिसव असलेलं वाद्य परदेशी विकायचं तर परवान्याचे कागद लागू लागले. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली तेव्हा वाद्य बनवणाऱ्यांनी सुटकेचा निश्वास टाकला. माझ्या गिटारच्या खोक्यातल्या पत्रकावर भारतीय रोजवुड असं लिहिलेलं होतं. घाटातला ओंडका समुद्र ओलांडून दुसऱ्या देशातल्या कारखान्यात गेला, पट्टी होऊन गिटारवर बसला आणि परत पुण्यात आला. एवढ्या प्रवासात त्याच्या कडेवरून कुणी पॉलिश पेपर फिरवला नाही.

आता थोडं हवेबद्दल, कारण निम्मा दोष तिचा आहे. लाकूड हवेतली ओल पितं आणि सोडतं. ओल पिऊन ते फुगतं ते मुख्यतः आडव्या अंगानं, लांबीत जवळजवळ नाही. आषाढात आपल्या घरातली दारं चौकटीत अडकतात आणि होळीनंतर आपोआप सुटतात ती यामुळेच. फ्रेटबोर्डचं तेच होतं. दमट गावात बनलेली गिटार पुण्याच्या एप्रिलमध्ये आली की शिसवाची पट्टी रुंदीत किंचित आकसते. तिच्यात ठोकलेले फ्रेट धातूचे. तांबं, निकेल आणि जस्त यांच्या त्या मिश्रणाला ओलीचं सोयरसुतक नाही. लाकूड मागं सरतं, धातू जागीच राहतो, आणि बावीस टोकं दोन्ही बाजूंनी केसभर बाहेर येतात. त्यावरून हात फिरवला की कळतं. विदर्भात तर मे महिन्यात अशा गिटारवर कपडे वाळत घातले तर अडकून राहतील.

म्हणजे कामं दोन. बाहेर आलेली फ्रेटची टोकं लाकडाच्या पातळीला आणायची आणि मग लाकडाची धार मोडायची. सामानासाठी मी बोहरी आळीत गेलो. बारीक तिधारी कानस, चारशे, सहाशे आणि हजार नंबरचा पॉलिश पेपर, कागदी चिकटपट्टी आणि चार शून्यांची स्टील वूल मागितली. दुकानदारानं व्यवहारी प्रश्न विचारला, "काम केवढं आहे?"

"अर्धा मिलिमीटर."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "लांबी का रुंदी?"

"गोलाई," मी म्हटलं. त्यांनी पुढं काही विचारलं नाही, पण बिल करताना पेपरचे दोन ताव कमी केले. "एवढे लागणार नाहीत तुम्हाला." त्या दुकानात मी आता कायमचा जाणार आहे.

घरी सगळ्यात आधी तारा काढायच्या. मग टेबलावर पंच्याची जाड घडी आणि तिच्यावर गळा, म्हणजे खालून आधार राहतो. पिकअपवर चिकटपट्टी लावायची, आणि ही पायरी कुणीही गाळू नये. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेले तांब्याच्या अतिसूक्ष्म तारेचे हजारो वेढे. कानशीनं पडणारा फ्रेटचा कीस चुंबकाला चिकटत नाही, पण स्टील वूलमधून जी लोखंडाची कुसं पडतात ती तिथं एकदा गेली की निघता निघत नाहीत. नाकाला रुमाल बांधायचा. शिसवाची भुकटी काहींना शिंका आणते आणि काहींच्या अंगाला खाज सोडते.

फ्रेटच्या टोकांसाठी कानशीला आधी स्वतःची एक धार गमवावी लागते. तिच्या एका कडेचे दात सहाणेवर घासून गुळगुळीत करायचे, म्हणजे कानस टोकाला लागते पण शेजारच्या लाकडाला ओरखडत नाही. प्रत्येक टोकाच्या दोन बारीक कोपऱ्यांवर दोन-तीन हलके हात. आवाज किर्र किर्र होतो आणि शेजारच्या खोलीतला माणूस दात आवळतो.

लाकडाची धार मोडण्याची पहिली रीत मला सगळ्यात आवडते, कारण तिच्यात काहीच कापलं जात नाही. स्क्रू ड्रायव्हरची गुळगुळीत, गोल दांडी घ्यायची, कडेवर तिरकी धरायची आणि दाबून पुढंमागं घासायची. एवढंच. शिसव घट्ट असला तरी पोलादापुढं नमतो. कडेचे तंतू आत दबतात, धार बसते आणि तिच्यावर एक काळपट चमक येते. धूळ नाही, भुसा नाही. ज्यांना नुसतं एवढंच करून थांबता येतं ते भाग्यवान. ज्यांना थांबता येत नाही त्यांनी फ्रेटवर आणि गळ्याच्या मागच्या पॉलिशवर चिकटपट्टी लावून चारशेचा पेपर बोटाला गुंडाळून फिरवावा, मग सहाशे, मग हजार. शेवटी स्टील वूलचा हलका हात. स्वयंपाकघरातली तारेची घासणी इथं चालत नाही. आमच्या घरी तीही सुचवून झाली.

किती गोल करायचं, हा प्रश्न शब्दांनी सुटणारा नाही, तरी सांगतो. साबणाची नवी वडी दोन-तीन आंघोळींनंतर हाताला जशी लागते, तेवढं. वडी अजून चौकोनीच दिसते, फक्त टोचत नाही. त्याच्या पुढं गेलात तर पहिली तार, जी कडेपासून जेमतेम तीन मिलिमीटरवर असते, जोरात ओढताना गळ्यावरून खाली घसरू लागेल, आणि काढलेलं लाकूड परत लावता येत नाही. लाकूड काढण्याच्या हौसेला तसा अंत नाही. गिटारवादक जॉन मॅकलाफलिननं सत्तरच्या दशकात झाकीर हुसेन, एल. शंकर यांच्याबरोबर 'शक्ती' या चमूत वाजवताना जी गिटार वापरली, तिच्यावर दोन फ्रेटच्या मधलं लाकूड वाटोळं कोरून काढलेलं होतं, म्हणजे बोटाखाली फक्त तार आणि तारेला वीणेसारखी मींड. पण ते मॅकलाफलिन होते. आपण आधी साधा सा लावून पाहावा.

शेवटी तेल. कोरड्या पडलेल्या शिसवाला ते हवंच असतं. बाजारात लेमन ऑइल म्हणून जे मिळतं त्यात बहुतेक वेळा मुख्यतः खनिज तेलच असतं, लिंबाचा वास वरून. चार थेंब फडक्यावर घेऊन पुसायचं आणि जास्तीचं टिपून घ्यायचं. आई आतून म्हणाली, "थोडं खोबरेल लाव की. झोपाळ्याला आम्ही तेच लावायचो." खोबरेल पुण्याच्या डिसेंबरमध्ये बाटलीतच गोठतं आणि लाकडात राहून कालांतरानं खवट होतं, हे मी तिला समजावून सांगितलं. "झोपाळा कुठं खवट झाला?" असं ती म्हणाली, आणि विषय तिथंच राहिला.

कानस हातात आली की मला मिरज आठवते. सतारी आणि तंबोरे करणारी तिथली घराणी मूळची शिकलगारांची. शिकलगार म्हणजे हत्यारं घडवणारे, त्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात संस्थानांच्या लढाया संपत आल्या, हत्यारांचं काम आटलं, आणि फरीदसाहेब सितारमेकर यांच्यापासून ही मंडळी वाद्यांकडं वळली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथं आजही तंबोऱ्याची जवारी काढतात ती घोडीचा माथा घासूनच. तार घोडीला कुठं किती स्पर्श करते यावर आवाजातली ती झणकार ठरते. दोन हात घासायचं, तार लावायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. तलवारीवर ज्यांचा हात बसला होता त्यांच्याच घराण्यांत पुढं कानशीनं नाद शोधायची विद्या वाढली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

माझ्या कामात असा नादबिद काही नाही, हे मान्य केलं पाहिजे. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज पिकअप पोलादी तारांच्या थरथरीवरून घेतो. कड गोल आहे की चौकोनी, याची त्याला दादही लागत नाही. गिटारवाले लोक लाकडाच्या जातीनं, रंगाच्या थरानं, इतकंच काय स्क्रूच्या धातूनं आवाज बदलतो म्हणून रात्र-रात्र भांडतात. कडेच्या गोलाईनं आवाज बदलतो असा दावा मात्र माझ्या कानावर अजून कुणी घातलेला नाही. ऐकणाऱ्याला ती ऐकू येत नाही, पाहणाऱ्याला दिसत नाही, विकताना किंमत वाढत नाही. ती कळते फक्त एका तळहाताला. म्हणूनच मला वाटतं की हे काम दुसऱ्याला पैसे देऊन करून घेऊ नये. कारागीर ते आपल्यापेक्षा सुबक करेल, पण कुठं टोचतंय हे ज्या हाताला ठाऊक आहे, कानसही त्याच हातात असावी.

आणखी एक फायदा आहे, तो चारचौघांत सांगायचा नसतो. गिटार दुरुस्त होत असताना ती वाजवावी लागत नाही. तारा काढलेल्या गिटारवर कुणीही रियाजाची अपेक्षा करत नाही. शनिवारची अख्खी दुपार माणूस गिटारशी झटतोय, घामाघूम झालाय, संगीताची सेवा चाललीय, आणि एकही सूर चुकत नाही. बायकोनं हे फार लवकर ओळखलं. संध्याकाळी तिनं गळ्यावरून हात फिरवला, "खरंच छान झालंय रे," म्हणाली, आणि लगेच विचारलं, "आता काय दुरुस्त करणार?"

सुतारकाका दुसऱ्या दिवशी वायर परत द्यायला आले तेव्हा मी गिटार पुढं केली. त्यांनी अंगठा फिरवला. यावेळी सावकाश, दोन्ही बाजूंनी. "सातव्या पट्टीपाशी अजून थोडं आहे," म्हणाले. सातव्या फ्रेटपाशी खरंच थोडं होतं. खिशातून पेपरचा चतकोर काढून ते दोन हात मारून मोकळे झाले, आणि पैशाचं विचारलं तर हसले.

ज्यांना हे करून पाहायचं आहे त्यांना एकच विनंती. आधी आपल्या गिटारचा गळा नीट पाहा. फ्रेटबोर्ड तपकिरी-काळा, कोरडा, उघड्या लाकडाचा असेल तर खुशाल हात घाला. पण तो पिवळसर मेपलचा आणि वरून लॅकरनं चकाकणारा असेल, तर कडेला पेपर लावताच लॅकर तडकेल, उडेल, आणि उघड्या पडलेल्या पांढऱ्या लाकडावर पंधरवड्यात घामाचा काळा पट्टा चढेल. अशा गिटारला हात लावू नका. तिच्यावर रियाज करा.